सिंहासनाविना घडलेले शहर

पुण्याला पेशव्यांचा वाडा आहे. कोल्हापूर आणि साताऱ्याला छत्रपतींच्या गाद्या आहेत. विजापूरला आदिलशहांचे घुमट आहेत, अहमदनगरला निजामशाहीचा किल्ला आहे. सोलापूरलाही किल्ला आहे, दुहेरी तटाचा, खंदकाचा, बहमनी काळातला. पण त्या किल्ल्यात राजधानी कधी वसली नाही. विजापूर आणि अहमदनगर यांच्या सीमेवरचे हे ठाणे दोघांनाही हवे होते. सोळाव्या शतकात हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली, तेव्हा सोलापूरचा किल्ला हुंड्यात देण्याचे ठरले होते, यावरून त्याचे मोल कळते आणि त्याची स्थितीही कळते. पुढे तो मोगलांकडे गेला, निजामाकडे गेला, मराठ्यांकडे आला आणि १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या ताब्यात गेला. एवढे धनी बदलले, पण दरबार इथे भरला नाही. दरबारी कवी, मानकऱ्यांचे वाडे, राजघराण्याच्या समाध्या यांच्या आधाराने शहराचा इतिहास लिहायची जी रूढ पद्धत आहे, ती सोलापूरला लागू पडत नाही.

मग या शहराचा इतिहास कशाच्या आधाराने लिहायचा? या ग्रंथाने त्याचे उत्तर ठामपणे दिले आहे. सोलापूर घडले ते काम करणाऱ्या माणसांमुळे. तळे खणणारे, सूत कातणारे, माग चालवणारे, विड्या वळणारे, पेढीवर बसणारे, शाळेत शिकवणारे अशा माणसांनी हे शहर उभे केले. त्यांतले बहुतेक कुठून तरी आलेले होते. कामासाठी आले, राहिले आणि इथले झाले. त्यांनी मिळवले त्यातून इथेच काही बांधले. म्हणून या ग्रंथाचे व्यक्ती, वास्तू आणि संस्था असे तीन भाग केलेले असले, तरी वाचकांनी ते तीन वेगळे कप्पे समजू नयेत. एखाद्या संस्थेचे पान उलटले की तिच्यामागची व्यक्ती दिसावी, व्यक्तीचे पान उलटले की तिचा वाडा, गिरणी किंवा पेठ दिसावी, अशा हेतूने ही मांडणी झाली आहे.

या परंपरेचा आरंभ बाराव्या शतकात होतो. सिद्धरामेश्वर, म्हणजे सोलापूरकरांचे सिद्धेश्वर, हे बसवेश्वरांच्या काळातले शिवयोगी. त्यांनी कन्नडमध्ये वचने लिहिली आणि कपिलसिद्ध मल्लिकार्जुन ही त्यांची नाममुद्रा त्या वचनांतून आजही वाचायला मिळते. त्या काळी या गावाचे नाव सोन्नलगी होते. सिद्धरामांनी पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, ही श्रद्धा इथे घरोघरी आहे. पण त्यांनी केलेले जे काम कोणालाही डोळ्यांनी पाहता येते, ते म्हणजे गावाच्या मध्यभागी असलेला तलाव. पर्जन्यछायेच्या या प्रदेशात पाण्याची सोय करणे हीच पूजा, असे मानणारा हा संत होता. त्यांनी अनुयायांना हाताशी धरले आणि तलाव खणला. किल्ला त्यानंतर दोनेक शतकांनी आला आणि तोही याच पाण्याच्या काठाला येऊन टेकला. सोलापुरात आधी श्रमाने खणलेले तळे आहे आणि मग सत्तेने बांधलेला तट आहे. हा क्रम ध्यानात ठेवूनच पुढचा सगळा इतिहास वाचायला हवा.

मकर संक्रांतीच्या सुमारास भरणारी सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा या ग्रंथात विस्ताराने आली आहे आणि ते योग्यच आहे. पांढरी बाराबंदी घातलेले भक्त सात नंदीध्वज खांद्याकमरेवर तोलत शहरभर नेतात. तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरचे होमप्रदीपन, शोभेचे दारूकाम, कप्पडकळी असे दिवसामागून दिवस विधी चालतात. योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह, ही या सोहळ्यामागची कथा. हिरेहब्बू घराण्याकडे मुख्य मान आहे, आणि नंदीध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांत वाटलेले आहेत. लिंगायत परंपरेतल्या संताच्या यात्रेत गावातल्या अनेक जातींना आपले हक्काचे स्थान असावे, ही व्यवस्था कोणा राजाच्या फर्मानाने आलेली नाही. गावाने ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे.

सोलापूरच्या भाषांबद्दल इथे सांगायला हवे, कारण त्याशिवाय पुढची नावे समजणार नाहीत. शहराच्या एका अंगाला कन्नड मुलूख आहे, दुसऱ्या अंगाला तेलंगणाची वाट आहे, निजामाच्या राज्याची सीमा जवळ होती म्हणून दखनी उर्दू आहे, व्यापारामुळे गुजराती आणि मारवाडी आहे. मराठी या सगळ्यांच्या मध्ये उभी आहे आणि तिने या शेजाऱ्यांकडून शब्दही घेतले, माणसेही घेतली. पेशवाईच्या उत्तरार्धात याच गावात शाहीर राम जोशी झाले. ब्राह्मण घरात जन्मलेला, संस्कृत जाणणारा हा माणूस तमाशाच्या फडात उभा राहिला आणि मराठी लावणीला त्याने पंडिती शब्दकळा दिली. त्याच सुमारास शुभराय महाराज दक्षिणेतून येऊन इथे स्थिरावले. ते संतकवी होते आणि चित्रकारही होते. शुभराय मठाने त्यांची स्मृती जपली आहे. एका गावात एकाच काळात फडावरचा शाहीर आणि मठातला चित्रकार संत नांदत होते. अशा जोड्या या ग्रंथात वाचकाला पुष्कळ सापडतील.

आधुनिक सोलापूर उभे राहिले ते रेल्वे आणि कापूस यांच्या आधारावर. १८६० च्या सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे इथवर आली आणि मुंबईचा बाजार एका रात्रीच्या अंतरावर आला. त्याआधीच, १८५२ मध्ये, नगरपालिका स्थापन झाली होती. हिप्परग्याचा एकरूख तलाव १८७० च्या आसपास पूर्ण झाला. १८७७ मध्ये मुंबईचे मोरारजी गोकुळदास यांनी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी चालू केली. तिलाच पुढे सगळे गाव जुनी मिल म्हणू लागले. तेव्हा दख्खनेत भीषण दुष्काळ पडला होता. शेत सोडून आलेल्या माणसांना गिरणीने काम दिले आणि गिरणीला माणसे मिळाली. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. भोंग्यावर उठणारे आणि भोंग्यावर जेवणारे शहर तयार झाले. धनंजयराव गाडगीळांनी आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने या शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी करून त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. औद्योगिक शहर म्हणून सोलापूरकडे अभ्यासकांचे किती लक्ष होते, हे त्यातून दिसते.

गिरण्यांच्या इतिहासातली एक वेदनादायक बाजू संपादकांनी झाकलेली नाही, याबद्दल मी त्यांचा मनापासून आभारी आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली कैकाडी, टकारी, पारधी, भामटा अशा अनेक जमातींच्या कुटुंबांना सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसवण्यात आले. हजेरी देऊन, परवानगी घेऊन ही माणसे गिरणीत कामाला जात. जन्मालाच गुन्हा मानणारा हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. सेटलमेंट हे वस्तीचे नाव मात्र शहराच्या तोंडी राहिले. गिरणीच्या भरभराटीत या माणसांच्या घामाचा जो वाटा आहे, तो मालकांच्या नावांइतक्याच ठळकपणे नोंदवला गेला पाहिजे. या ग्रंथात ती सुरुवात झाली आहे.

गिरणीच्या बरोबरीने हातमाग वाढला आणि त्याचे श्रेय तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचे. दुष्काळाने, कर्जाने, कामाच्या शोधाने ही कुटुंबे पूर्वेकडून आली आणि शहराच्या पूर्व भागात वसली. साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक या भागात फिरताना घराघरातून मागाचा खटखटाट ऐकू येत असे. बायका कांड्या भरत, पुरुष माग चालवत, मुले सुताची ने-आण करत. घराचा अर्धा भाग मागाचा आणि अर्धा माणसांचा. जेकार्डवर विणलेली जाड सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या घरांतून निघाले आणि देशभर पोचले. भौगोलिक मानांकन मिळालेल्या महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्या वस्तूंमध्ये सोलापुरी चादर आहे. नारळी पौर्णिमेला निघणारा मार्कंडेय महामुनींचा रथ आणि नवरात्रात बतुकम्माभोवती फेर धरणाऱ्या बायका हे आता परक्या प्रांतातले सण राहिलेले नाहीत. ते सोलापूरचे सण आहेत.

इथल्या धनिकांनी मिळवलेला पैसा इथेच संस्थांत घातला, हे या शहराचे मोठे भाग्य. अप्पासाहेब वारद यांनी बांधलेला इंद्रभुवन हा देखणा प्रासाद पुढे नगरपालिकेची आणि १९६४ पासून महापालिकेची वास्तू झाला. एका व्यापाऱ्याच्या घरात शहराचा कारभार चालावा, हे सोलापूरच्या स्वभावाला साजेसेच आहे. जैन समाजाने या शहराला विद्येचे एक केंद्र दिले. हिराचंद नेमचंद दोशी यांनी एकोणिसाव्या शतकातच ‘जैन बोधक’ हे पत्र सुरू केले. त्यांच्या नावाचे वाचनालय पिढ्यांच्या वाचनाची सोय करत आले आहे. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपले धन जैन संस्कृती संरक्षक संघाला दिले आणि त्यातून जीवराज जैन ग्रंथमाला उभी राहिली. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये आणि हिरालाल जैन यांच्यासारखे विद्वान तिचे संपादक होते. ‘तिलोयपण्णत्ती’सारखा प्राकृत ग्रंथ चिकित्सक संपादनासह सोलापुरातून प्रसिद्ध झाला. गिरणगाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावाचे नाव प्राकृतच्या अभ्यासकांना ग्रंथाच्या मुखपृष्ठावरून माहीत झाले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. पंडिता सुमतीबाई शहा यांनी श्राविका संस्थेतून मुलींच्या शिक्षणाचे जे काम केले, तेही याच परंपरेत बसते.

सोलापूरने देशाच्या इतिहासात जे पान लिहिले, ते १९३० सालचे. नगरपालिकेवर त्या वर्षी राष्ट्रध्वज लागला होता. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि गिरण्या, बाजार, शाळा ओस पडल्या. ८ मे रोजी पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. शंकर शिवदारे हा तरुण त्यात मारला गेला. लोकांचा संताप असा उसळला की सरकारी अधिकाऱ्यांनी शहरातून पाय काढला. त्यानंतरचे काही दिवस काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी शहराची व्यवस्था पाहिली. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला आणि तो जूनअखेरपर्यंत चालला. गांधी टोपी घालणे आणि तिरंगा लावणे हा गुन्हा ठरला. तुळशीदास जाधव, रामकृष्ण जाजू अशा कार्यकर्त्यांनी तुरुंग पाहिला. ‘कर्मयोगी’चे संपादक रामचंद्र शंकर राजवाडे यांना लेखणीबद्दल शिक्षा भोगावी लागली.

मंगळवार पेठ पोलीस चौकीतल्या पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ पत्राचे तरुण संपादक होते आणि कामगारांत काम करत होते. ही चार नावे एकामागून एक वाचावीत. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मुसलमान, एक मराठा. चार घरांत बोलली जाणारी भाषा वेगळी, पूजा वेगळी, व्यवसाय वेगळा. सरकारने त्यांना एका खटल्यात गोवले, पण त्यांना एकत्र आणले ते या शहराने, त्याच्या पेठांनी, गिरण्यांनी आणि सभांनी. चार हुतात्मा चौकातल्या पुतळ्यांसमोरून रोज हजारो माणसे जातात. त्यांतल्या शाळकरी मुलांना ही चारही नावे तोंडपाठ असली पाहिजेत, एवढी अपेक्षा ठेवायचा अधिकार सोलापूरकरांना आहे.

या मातीतून निघून दूर गेलेली काही माणसे सोलापूरच्या नावाने जगाला माहीत आहेत. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये इथला. बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटी कामापासून त्यांनी सुरुवात केली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी सिंधिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला पाठवून इंग्रजी जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान दिले. विमाने, जहाजे आणि मोटारी या तिन्ही गोष्टी भारतात बनाव्यात, असा ध्यास घेऊन त्यांनी बंगळुरूचा विमान कारखाना, विशाखापट्टणमची जहाजगोदी आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभारले. समुद्र न पाहिलेल्या गावातला हा मुलगा भारतीय जहाजवाहतुकीचा अग्रदूत ठरला.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला मदत म्हणून १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले, त्यात ते होते. बाकीचे परतले, कोटणीस थांबले. कॅनेडियन शल्यविशारद डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला. मुलाचे नाव ठेवताना भारत आणि चीन या दोन्ही देशांच्या नावांची अक्षरे जोडली. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटाने त्यांची कथा भारतभर नेली. सोलापुरातले त्यांचे घर आता स्मारक आहे. चीनहून येणारे पाहुणे सोलापूरचा रस्ता विचारत तिथे आवर्जून येतात, तेव्हा या गावाला आपल्या एका मुलाने जगाच्या नकाशावर कुठे नेऊन ठेवले आहे, हे कळते.

या दोघांच्या शेजारी मी तिसरे नाव ठेवीन ते मारुती चितमपल्ली यांचे. पूर्व भागातल्या तेलुगू भाषक घरात १९३२ मध्ये जन्मलेला हा मुलगा वनाधिकारी झाला, आयुष्य विदर्भाच्या जंगलांत काढले आणि पक्ष्यांची, झाडांची, वन्य जीवांची मराठी नावे गोळा करून आपल्या भाषेचा कोश समृद्ध केला. सोलापुरात १९४१ मध्ये वि. स. खांडेकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन झाले होते. २००६ मध्ये ते पुन्हा इथे भरले, तेव्हा अध्यक्षपदी चितमपल्ली होते. उतारवयात ते सोलापूरला परतले आणि २०२५ च्या जून महिन्यात त्यांनी इथेच देह ठेवला. तेलुगू मातृभाषेच्या घरातून मराठीला मिळालेले हे दान सोलापूरच देऊ शकत होते. या शहरात वावरून गेलेल्या पाहुण्यांनाही ग्रंथात जागा आहे. सत्येंद्रनाथ टागोर न्यायाधीश म्हणून इथे असताना धाकटे भाऊ रवींद्रनाथ त्यांच्याकडे येऊन राहिले आणि ‘राजा ओ रानी’ हे नाटक त्यांनी सोलापुरात लिहिले.

शिक्षणसंस्थांची हकीकत तुलनेने सर्वांना माहीत आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. हरीभाई देवकरण प्रशालेसारख्या शाळांनी पाया घातला. १९४० मध्ये दयानंद महाविद्यालय आणि १९५३ मध्ये संगमेश्वर महाविद्यालय निघाले. १९६३ मध्ये वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालय आले. २००४ मध्ये एका जिल्ह्यापुरते स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. त्याला आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव आहे. गिरणी कामगाराच्या, विणकराच्या, विडी कामगाराच्या घरातली पहिली पदवी याच संस्थांनी दिली. संस्थेचे खरे मूल्यमापन तिच्या इमारतीवरून होऊ नये, ते या पहिल्या पदव्यांवरून व्हावे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. जमिनी राहिल्या, यंत्रे विकली गेली, माणसे विखुरली. तेव्हा घर सावरले ते बायकांनी. पूर्व भागातल्या हजारो घरांत तेंदूची पाने कातरून, सूप मांडीवर घेऊन विड्या वळल्या जात होत्या आणि दर हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर चूल पेटत होती. या बायकांना डोक्यावर हक्काचे छप्पर हवे म्हणून कामगार नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. कुंभारीच्या माळरानावर कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये ती विडी कामगार स्त्रियांच्या हाती आली. त्याच वाटेने असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर आखले गेले. त्यातली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. वास्तूंच्या भागात भुईकोट किल्ला आणि इंद्रभुवन यांच्या रांगेत संपादकांनी कुंभारीची वसाहत ठेवली आहे. हा निर्णय मला या ग्रंथाचा सर्वांत मोलाचा निर्णय वाटतो. बाराव्या शतकात माणसांनी एकत्र येऊन तळे खणले आणि एकविसाव्या शतकात बायकांनी एकत्र येऊन गाव वसवले. या दोन गोष्टी एकाच इतिहासाच्या आहेत.

नावे निवडताना संपादकांनी एक कसोटी धरली. ती व्यक्ती, वास्तू किंवा संस्था यांमुळे सोलापूरकरांच्या जगण्यात काय बदलले, हा प्रश्न प्रत्येक नोंदीला विचारला गेला. त्यामुळे काही प्रसिद्ध नावांना थोडी जागा मिळाली आणि काही कमी परिचित नावांना जास्त. हे मला पटते. तरीही एक उणीव स्पष्टपणे सांगायला हवी. मालकांची चरित्रे मिळतात, पुढाऱ्यांची मिळतात, संतांची मिळतात. साचे चालवणाऱ्यांची, जेकार्डची नक्षी रचणाऱ्या कारागिरांची, विडीच्या संपात पुढे उभ्या राहिलेल्या बायकांची नावे मात्र कागदावर फार कमी आली आहेत.

ती आणणे अजून शक्य आहे. गिरणीत काम केलेली माणसे आज वृद्ध आहेत, पण आहेत. गिरण्यांची हजेरीपत्रके, कामगार संघटनांचे ठराव, जुन्या नक्ष्यांची पुठ्ठ्याची पत्रे, मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू वृत्तपत्रांचे अंक घरांतून आणि कचेऱ्यांतून शिल्लक आहेत. विद्यापीठाने, महापालिकेने आणि वाचनालयांनी मिळून त्यांचा एक संग्रह करावा. विद्यार्थ्यांना पेठापेठांत पाठवून या माणसांच्या मुलाखती नोंदवून घ्याव्यात, आणि त्या ज्याच्या त्याच्या भाषेत घ्याव्यात. ज्यांच्या घरी असे कागद असतील, त्यांनी ते रद्दीत जाऊ देऊ नयेत. हा ग्रंथ वाचून एवढे काम कोणी हाती घेतले, तर पुढच्या आवृत्तीतला व्यक्तींचा भाग आजच्या दुप्पट होईल आणि त्यात भर पडलेली बहुतेक नावे अशी असतील की ज्यांनी हे शहर प्रत्यक्ष आपल्या हातांनी घडवले.